उ: चेटकीण म्हणजे म्हातारी आणि झाडू?

वर कुणीतरी म्हटलंय की युरोपातल्या जुन्या चित्रांत चेटकीण म्हणजे झाडूवर बसलेली म्हातारी, बाकी काही नाही. म्हातारी ठीक, पण झाडू दरवेळी नसतो. जर्मन चित्रकार ड्यूररचं साधारण 1500 सालचं, ताम्रपटावर कोरून कागदावर छापलेलं चित्र बघा. त्यात ती बोकडावर, तीही उलटी बसलेली आहे. एक हात बोकडाच्या शिंगावर, दुसऱ्यात सूत कातायची काठी. खाली चार गुबगुबीत पोरं. चित्र जेमतेम तळहाताएवढं, त्यामुळे वरच्या कोपऱ्यातून गारा पडताहेत हे पटकन दिसतच नाही. मला तर स्क्रीनवर मोठं केल्यावरच दिसलं.

आणि त्या गाराच खऱ्या महत्त्वाच्या. उभं पीक झोपवणारी गारपीट चेटकिणी घडवतात अशी तेव्हा लोकांची समजूत होती. 1489 मध्ये छापलेल्या, मोलिटर नावाच्या कायदेपंडिताच्या चेटकिणींवरच्या पुस्तकात दोन बायका पेटत्या भांड्यात कोंबडा आणि साप टाकून वादळ उठवताना दाखवल्यात. (गंमत म्हणजे खुद्द मोलिटरचं म्हणणं, यांच्या हातून असलं काही होत नाही, हा सैतानाने दाखवलेला भास. शिक्षा मात्र मरणाचीच हवी!)

अजून एक. ड्यूररच्या या चित्रात त्याच्या सहीतला 'डी' उलटा उमटलाय. ताम्रपटावर अक्षर उलटं कोरलं तरच कागदावर सुलटं येतं, आणि हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? काही जण ही चूक मानतात. मला नाही वाटत. स्वारच उलटा, तर सही तरी सुलटी कशाला?