मदत हवी आहे : कॉलेज बास्केटबॉलचा सर्वकालीन क्रम कसा लावावा?

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमधल्या सर्वश्रेष्ठ संघांची यादी करतोय, आणि पहिल्याच क्रमांकावर घोडं अडलंय.

यूसीएलएची (लॉस एंजेलिसमधलं कॅलिफोर्निया विद्यापीठ) राष्ट्रीय स्पर्धेतली ११ विजेतेपदं, म्हणजे सगळ्यांत जास्त. त्यातली १० एकट्या प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या हाताखाली, १९६४ ते १९७५ मध्ये, आणि १९६७ पासून तर सलग सात! पण वुडन निवृत्त झाल्यावर फक्त १९९५ चं एक. शिवाय १९६४ साली स्पर्धेत २५ संघ होते आणि चार सामने जिंकले की करंडक हातात. १९८५ पासून ६४ संघ झाले, तेव्हा सहा सामने जिंकावे लागतात, एक हरलात की घरी. मग दोन्ही काळातल्या विजेतेपदांना सारखंच वजन द्यायचं का?

केंटकीची ८ आहेत, पण ती पाच वेगवेगळ्या प्रशिक्षकांनी मिळवलीत. परंपरा म्हणतात ती हीच, असं मला मनापासून वाटतं. यूकॉनने (कनेक्टिकट विद्यापीठ) १९९९ ते २०२४ मध्ये सहा जिंकली, तीही तीन प्रशिक्षकांच्या काळात, सगळी ६४ किंवा जास्त संघांच्या स्पर्धेत. माझा कल केंटकीकडे आहे, पण यूकॉनला ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या वर ठेवू का, हे ठरत नाहीये.

कॅन्ससचंही सांगा. विजेतेपदं चारच, पण खेळ शोधणारे नेस्मिथ तिथले पहिले प्रशिक्षक. याला गुण द्यावेत का?

अमेरिकेत शिकलेल्यांनी जरूर लिहा, कारणांसकट.