मोडी बाड, औषधं अन् पीएचडी: सहमार्गदर्शक दुसऱ्या विद्यापीठाचा चालतो का?

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातला, मराठी घेऊन एमए, पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) पास. घरच्या देवघरात एक मोडी बाड (हस्तलिखित वही) सापडलं. अर्धं आरत्या अन् अभंग, मधली पानं औषधांची. एका पानावर 'सुठ मिरे पिपळी' सलग, शब्दांत जागाच नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, त्यामुळं काही वनस्पतींची नावं दोन-दोन तऱ्हेनं वाचता येतात.

फोनवर फोटो काढून टेसरॅक्टचं (फोटोतला मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर) मराठी मॉडेल लावून पाहिलं. निव्वळ कचरा आला, कारण ते देवनागरीचं. युनिकोडमध्ये (संगणकावरच्या लिप्यांचं मानक) मोडी २०१४ पासून आहे, म्हणून आता हातानंच टाइप करतोय. चाळीस ओळी झाल्या. (डोळ्यांचं विचारू नका.)

खरी अडचण या बाडावरच्या पीएचडीच्या विषयाची. मराठीचे सर म्हणतात औषधं माझा प्रांत नाही, आयुर्वेदाच्या मॅडमना मोडी येत नाही, कॉम्प्युटरवाले मॉडेलला मोडी शिकवायला आधी हजारभर पानं मागतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत आंतरविद्याशाखीय विषयाला बाहेरचा सहमार्गदर्शक घेता येतो, हे वाचलंय. पण आयुर्वेद महाविद्यालयं नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखाली येतात, आमचं विद्यापीठ वेगळं. कार्यालयात विचारलं तर "अर्ज करा, बघू".

नोकरीमुळं पुणे-मुंबईला राहणं जमणार नाही, नोंदणी इकडंच हवी. बाड घराबाहेर न्यायला आजोबांची परवानगी नाही, फोटो देऊ शकतो.

मराठवाड्यात कुणी मराठी विषयात नोंदणी करून आरोग्य विद्यापीठाचा सहमार्गदर्शक मंजूर करून घेतलाय का? अन् आरआरसीपुढं (विषयाला मान्यता देणारी विद्यापीठाची समिती) शीर्षकात 'वैद्यक' शब्द ठेवला होता की टाळला?