मदत हवी आहे: छोट्या हत्तीच्या बंद बॉडीत कपाटं बसवायची आहेत

मंडळी, मी कराडचा. शेतावरच्या सौरपंपांची दुरुस्ती करतो. गेल्या दिवाळीत जुना टाटा एस घेतला, मागे बंद बॉडी. आतून लांबी ७ फूट, रुंदी पावणेपाच. बाहेर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा, आत ६ मिमी प्लाय, मधे बॉक्स पाइपाचे उभे खांब.

सध्या डाव्या बाजूला किराणा दुकानात असतो तसला भोकाभोकांच्या अँगलचा रॅक आहे आणि त्यानं जीव नकोसा केलाय. मागच्या महिन्यात चिपळूणला निघालो होतो. कुंभार्ली घाट उतरून पोफळीला मागचं दार उघडलं, तर पाइप पाना, क्रिम्पिंग टूल, सौरपॅनलच्या वायरी जोडायच्या एमसी-४ कनेक्टरची बरणी सगळं एका ढिगात, आणि रॅकचे चार बोल्ट फ्लोअरवर. मेगरची (वायरीचं इन्सुलेशन तपासायच्या मीटरची) काच फुटली ती वेगळीच. बोल्ट मीच आवळले होते, बोलणार कुणाला?

आता डावीकडे पूर्ण लांबीचं, १४ इंच खोल कपाट करायचंय, वर कप्पे, खाली ड्रॉवर. उजवी बाजू मोकळीच हवी. तिथे केबलची भेंडोळी, चेन पुली आणि बोअरमधून मोटर ओढायच्या तिपाईचे पाइप जातात.

सुतार म्हणतो १८ मिमी प्लाय. ८ बाय ४ चं एक शीट ३५ किलोच्या आसपास, लागणार चार. म्हणजे १४० किलो नुसतं कपाटच! गाडीची क्षमता साडेसातशेच्या आसपास, त्यात हत्यारं आणि परतताना एखादी जळकी मोटर. फॅब्रिकेटर म्हणतो, पाइपाची चौकट करून थेट बॉडीला वेल्ड मारू. पण जीआयवरचं जस्त जळालं की तिथूनच गंज धरणार, आणि पाटण-कोयनेचा पाऊस काय असतो ते वेगळं सांगायला नको. कुणी असं काम केलंय का? कपाट नक्की कशाला धरायचं?

रंधा: वेल्ड नकोच. प्लायला स्क्रू मारून तर अजिबात टांगू नका, ६ मिमीत स्क्रू काय धरणार! भार खांबालाच द्यायचा. खांब शोधायला लोहचुंबक नेऊ नका, जीआय पत्राही लोखंडाचाच, सगळीकडे चिकटेल. बाहेरून रिव्हेटच्या उभ्या ओळी दिसतात ना, खांब त्यांच्यामागे. ती मापं आत उतरवून घ्या. मग खांबांवर २५ बाय २५ चे दोन आडवे पाइप रिव्हेट नटने (भोकात रिव्हेटसारखा पक्का बसणारा नट) बसवा आणि कपाट त्यांना बोल्टनं धरा. हे पाइप कपाट कलंडू नये एवढ्यासाठी. वजन फ्लोअरवरच टेकलं पाहिजे. तिथे आरपार बोल्ट, खालून मोठा वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला). साधा नट घाटात सुटतोच, स्प्रिंग वॉशरवर माझा विश्वास नाही. चासीला मात्र भोक पाडू नका. चौकट पाइपाची केलीत तर फळ्यांना १२ मिमी प्लाय पुरे, शीटमागे दहाएक किलो वाचतील.

गॅरेजवाला: रंधाभाऊंना अनुमोदन. भर एवढीच, की जड वस्तू खाली आणि केबिनच्या बाजूला. मागच्या चाकांच्या पाठीमागे वजन गेलं की चढाला स्टेअरिंग हलकं पडतं. कपाट डावीकडे, म्हणजे प्रत्येक डाव्या वळणाला ड्रॉवर बाहेर झेपावणार. मॅग्नेट कॅच तिथे खेळणं आहे. सगळ्या ड्रॉवरांसमोरून एकच उभी लोखंडी पट्टी घ्या, खाली बिजागरी, वर कडी-कुलूप. कप्प्यांना पुढून दोन इंचांचा कठडा. मी तर ड्रॉवरच्या फंदात न पडता प्लॅस्टिकचे क्रेट लावले, अख्खा क्रेट उचलून बांधावर नेता येतो.

मूळ धागाकर्ता: क्रेटची कल्पना फारच आवडली, ड्रॉवर रद्द! ड्रॉवर सरकायच्या चॅनलचा खर्चही वाचला. सकाळी रिव्हेटच्या ओळी मोजल्या, दर २२ इंचांवर खांब आहे. मग गाडीखाली शिरलो, तर मागच्या बोल्टच्या जागी नेमका वायरिंगचा जुडगा. बोल्ट ४ इंच पुढे घेतला तर तो क्रॉस मेंबरच्या (चासीच्या आडव्या दांड्याच्या) कडेला येतोय. चालेल, की वायरिंगच सरकवून घेऊ?