शब्दचर्चा : वळीव, अवकाळी, वावधान – उन्हाळी वादळांच्या नोंदीत कुठला शब्द कधी?

ढगवही
मार्च ते जूनमधल्या गडगडाटी वादळांची नोंदवही मराठीत ठेवायची तर पहिली अडचण शब्दांची येते. एकाच पावसाला बातमीत कधी वळीव म्हणतात, कधी अवकाळी, कधी मान्सूनपूर्व, कधी नुसताच वादळी. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? 'वळवाचा' बरोबर की 'वळिवाचा'? आणि अशा वादळामागे गाडी घेऊन जाण्याला 'पाठलाग' म्हणावं का?

मृगाआधी
आधी व्याकरण उरकतो. वळीव पुल्लिंगी: वळीव आला, वळीव झोडपून गेला. लाकूड-लाकडाचा तसा वळीव-वळवाचा; खरीप-खरिपाचा तसा वळिवाचा. दोन्ही रूपं छापलेली सापडतात. बोलण्यात 'वळवाचा पाऊस' जास्त ऐकू येतं.

आता अर्थ. वळीव म्हणजे तापलेल्या जमिनीवर दुपारनंतर उभा वाढणारा ढग, वारा, विजा आणि थोडा वेळ कोसळून थांबणारा पाऊस. शेतकऱ्याच्या पंचांगात त्याची जागा ठरलेली आहे: साधारण २५ मेला रोहिणी लागते, ७-८ जूनला मृग, वळीव त्याच्या आधीचा. उन्हाळी नांगरटीची ढेकळं फुटायला तो हवाच असतो. म्हणजे त्याला त्याचा काळ आहे, तो अ-काळी नाही.

अवकाळी हा पिकाच्या बाजूने दिलेला निकाल आहे. गहू-हरभरा काढणीला आलाय, द्राक्ष मण्यात साखर भरतेय, आंब्याला मोहोर आहे, अशा वेळी आलेला पाऊस अवकाळी. तो डिसेंबरात दिवसभर रिपरिपणारा असेल, नाहीतर मार्चमधली गारपीट असेल. शब्द ढगाची जात सांगत नाही, नुकसान सांगतो. म्हणून नोंदवहीत ढगाच्या रकान्यात 'अवकाळी' लिहू नये. पिकाचा रकाना वेगळा ठेवा आणि तिथे लिहा.

ऐरणमाथा
याला पूर्ण सहमती. 'मान्सूनपूर्व' हा शब्दही ढगाची जात सांगत नाही, फक्त तारीख सांगतो. हवामान खात्याच्या हिशेबात मार्च, एप्रिल, मे हा मान्सूनपूर्व हंगाम. त्यात पडेल तो सगळा पाऊस मान्सूनपूर्व. त्यातला वळीव कुठला हे आभाळाकडे बघूनच ठरतं.

२०२५चा मे महिना याचं चांगलं उदाहरण. मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला. मुंबईची सरासरी तारीख ११ जून आहे. त्या वर्षीच्या नोंदींत 'मे महिना म्हणजे वळीव' असं धरलं तर शेवटचा आठवडा चुकतो. तारखेऐवजी या गोष्टी बघा:

ढगाचा तळ. तापमान आणि दवबिंदू (हवा ज्या तापमानाला उतरली की दव धरू लागतं ते) यांतला फरक गुणिले १२५, म्हणजे तळाची अंदाजे उंची मीटरमध्ये. दुपारी ३८ अंश आणि दवबिंदू २० असेल तर १८ × १२५ = २,२५० मीटर. मान्सूनच्या ढगांचा तळ बहुधा हजार मीटरच्या आतच असतो, डोंगरमाथे त्यात बुडतात.

वेळ. वळीव बहुधा दुपारी ३ ते रात्री ८ या वेळातला. मान्सूनची सर पहाटे ४ लाही येते.

वारा. मान्सून लागला की पश्चिमेचा वारा रात्रंदिवस टिकतो. वळवाआधी मात्र वारा पडतो, हवा गदगदते, आणि मग ढगाच्या दिशेनेच गार झोत येतो. पारा काही मिनिटांत ८-१० अंश उतरू शकतो. पुणे-सातारा भागात वळीव बहुतेक वेळा पूर्वेच्या अंगाने येतो, हीसुद्धा उपयोगी खूण आहे. मात्र एकट्या दिशेवर निकाल देऊ नका.

हाच गुणाकार आणखी एका नोंदीसाठी कामाचा. ४० अंश आणि दवबिंदू ८ असेल तर तळ ४,००० मीटरवर. एवढ्या उंचीवरून निघालेला पाऊस कोरड्या हवेत वाटेतच आटतो. ढगाखाली करड्या झालरी लोंबताना दिसतात, जमीन कोरडीच राहते. आटताना हवा थंड आणि जड होऊन खाली आदळते, त्यामुळे पाऊस शून्य आणि वारा मात्र पत्रे उडवणारा. नोंदीत 'वळीव हुकला' असं न लिहिता 'कोरडा वळीव, फक्त वारा' असं लिहावं.

वऱ्हाडी वारा
विदर्भाकडून दोन शब्द. जोराचा वारा, धूळ आणि मागून पाऊस असं सगळं एकत्र आलं की आमच्याकडे 'वारा-वावधान' म्हणतात. वळीव म्हटलं की पाऊस डोळ्यासमोर येतो, वावधान म्हटलं की वारा. वाऱ्याने झाडं पडली आणि पाऊस चार थेंब पडला, तर वावधान हाच नेमका शब्द.

दुसरा 'वावटळ'. हिला बातम्यांत सर्रास 'छोटं चक्रीवादळ' म्हणतात, ते चूक आहे. वावटळ निरभ्र आभाळाखाली, भर उन्हात तापलेल्या शेतातून वर उठते. तिला ढग लागत नाही. चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं आणि शेकडो किलोमीटर पसरतं. ढगाच्या तळातून खाली उतरणारा आणि जमिनीला टेकलेला भोवरा दिसला तरच टोर्नेडो म्हणा. धूळ ढगापर्यंत जोडलेली आहे की खालीच फिरतेय, हे बघितल्याशिवाय तो शब्द वापरू नका.

पर्जन्यमापी
शास्त्रीय परिभाषेत 'चंडवात' असा शब्द आहे आणि त्याला मोजमाप आहे: वाऱ्याचा वेग अचानक किमान १६ नॉटने वाढायला हवा, २२ नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ४१ किमीच्या वर जायला हवा, आणि किमान १ मिनिट टिकायला हवा. एखादा झोका चंडवात नव्हे. मोजयंत्र नसेल तर 'सोसाट्याचा वारा' लिहावं आणि खुणा द्याव्यात: फांद्या मोडल्या, उभ्या माणसाला रेटा बसला, इत्यादी.

'ढगफुटी' तर फारच स्वस्त झालीय. हवामान खात्याचा निकष आहे तासाभरात १०० मिमी किंवा जास्त, तोही साधारण २० ते ३० चौरस किमी इतक्या लहान भागात. २० मिनिटांत ३० मिमी पडला की रस्ते तुंबतात, पण ती ढगफुटी नाही.

आणखी एक गल्लत तारखेची. खात्याचा पाऊस सकाळी ८.३० ला मोजला जातो, मागच्या २४ तासांचा. ११ मेच्या संध्याकाळचा वळीव तक्त्यात १२ मेला दिसतो. आपल्या वहीत पडल्याची वेळ लिहा आणि 'वाचन १२ मे सकाळी' असं शेजारी. नाहीतर पुढे तुलना करताना एक दिवसाची घसरण होते.

'गडगडाटी दिवस' म्हणजे ज्या दिवशी हवामान नोंदवणाऱ्या ठाण्यावर गडगडाट ऐकू आला तो दिवस. पाऊस पडलाच पाहिजे असं नाही. रात्री क्षितिजावर नुसती लखलख दिसली, आवाज आला नाही, तर तो दिवस धरायचा नाही.

ढगवही
मग कडकडाट आणि गडगडाट हे वेगळे लिहावेत का?

ऐरणमाथा
जरूर. आपल्या भाषेने हा फरक आधीच करून ठेवलाय, तो वाया घालवू नये. वीज काही किलोमीटर लांबीची वाट काढते. तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी पोचतो, लांबच्या टोकाचा नंतर. लांबून ऐकताना हे आवाज आणि त्यांचे पडसाद एकमेकांत मिसळून लांबट होतात, तो गडगडाट. अगदी जवळ पडली तर पहिला तुकडा कोरडा आणि तीक्ष्ण येतो, तो कडकडाट. म्हणजे 'कडकडाट' लिहिलं की अंतर आपोआप सांगितलं जातं.

तरीही सेकंद मोजाच: चमक आणि आवाज यांतले सेकंद भागिले ३ म्हणजे किलोमीटर. ३० सेकंद म्हणजे १० किमी, आणि एवढं अंतर धोक्याच्या आतलं आहे. कॅमेऱ्याची तिपाई मिटायची, बंद काचांच्या, पत्र्याच्या टपाच्या गाडीत बसायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. दुचाकी आसरा देत नाही. झाडाखाली तर अजिबात नको: वीज झाडावरून अंगावर उडी मारते, आणि जमिनीतून पसरणारा प्रवाह चारी पायांवर उभ्या गुरांना मारतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप २० ते ४० किमीच्या आतल्या विजा दाखवतं, ते सुरू ठेवा. पण आवाज ऐकू आला तर अ‍ॅपची वाट बघू नका.

सडा
'पाठलाग' मला पटत नाही. मागे धावून काही हाती लागत नाही. सुट्या वळीव-ढगाचं आयुष्य ३० ते ६० मिनिटांचं, रडारचं चित्र १०-१५ मिनिटं जुनं. लाल ठिपका बघून निघालं की पोचेपर्यंत ढग विरून ऐरण, म्हणजे ढगाचा वर सपाट पसरलेला माथा, तेवढी उरते. 'वादळ गाठणं' किंवा 'वादळाला आडवं जाणं' म्हणावं.

ऐरणमाथा
'आडवं जाणं' मलाही पसंत, कारण कृतीचं खरं वर्णन तेच आहे. सकाळी ५.३० ला सोडलेल्या हवामान-फुग्याच्या नोंदीवरून वरच्या हवेचा अंदाज घ्यायचा, १२ वाजता दवबिंदू बघायचा, १ नंतर उपग्रहचित्रात कुठल्या डोंगररांगेवर ढग फुलतायत ते बघायचं. जागा अशी की वादळ १० किमीपेक्षा जवळून जाणार नाही, समोर मोकळं माळरान आणि पाठीमागे परतीचा डांबरी रस्ता. घाटातला रस्ता टाळा: दृष्टी अडते, झाडं आडवी पडतात, गाडी वळवता येत नाही. ढगापुढे पळणारा गार झोत पुढच्या डोंगराला जिथे भिडेल तिथे नवा ढग उठायची शक्यता जास्त. मावळत्या ढगाकडे जाण्यापेक्षा तिकडे जाऊन थांबलेलं बरं.

रडारबद्दल एक जपून. रडारची शलाका, म्हणजे लहरींचा झोत, सरळ जाते, पृथ्वी खाली वळते. अर्धा अंश कोनात २०० किमीवर शलाका जमिनीपासून सुमारे ४ किमी उंच असते. तिथला पाऊस जमिनीवर पोचतोय की नाही हे रडार सांगत नाही. म्हणून रडार बघून 'पाऊस पडला' लिहू नये, 'रडारवर प्रतिध्वनी' लिहावं.

वऱ्हाडी वारा
गारांचं राहिलं. 'गार पडली' आणि 'गारपीट' एक नव्हे. चार गारा ताडताड वाजून गेल्या तर गारा पडल्या. पीक झोडपलं, जमीन पांढरी झाली तर गारपीट. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात झाली ती गारपीट. फेब्रुवारी-मार्चमध्ये हवेतली शून्य अंशाची पातळी (जिच्या वर पाणी गोठतं ती उंची) मेपेक्षा खाली असते, गार वितळायला कमी वाट मिळते; गारांची भीती तेव्हा जास्त असते ती त्यामुळेही.

आकार मिलिमीटरमध्ये लिहा. 'लिंबाएवढी' लिहिलं तर कागदी लिंबू की ईडलिंबू हा वाद उरतो. पट्टी नसेल तर १० रुपयांचं नाणं शेजारी ठेवून फोटो घ्या, त्याचा व्यास २७ मिमी. सगळ्यात लांब बाजू मोजा, तीही उचलल्याबरोबर. लगेच मोजता येत नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. उन्हाळ्यात हातावर गार झपाट्याने झिजते.

ढगवही
एक नमुना नोंद करून बघतोय, दुरुस्ती सुचवा:

'११ मे. दु. ३.४० वारा पडला, पूर्वेला ऐरण. ४.१० गार झोत, तापमान ३८ वरून २९. ४.१५ सोसाट्याचा वारा, धूळ, फांद्या मोडल्या. ४.२० पहिला कडकडाट, ३ सेकंद. वीज पडली. ४.२५ ते ४.५० वळीव, १८ मिमी (वाचन १२ मे सकाळी). गारा नाहीत. ५.४० शेवटचा गडगडाट, ४५ सेकंद. पीक: आंब्याच्या कैऱ्या गळून पडल्या, अवकाळीचं नुकसान.'

पर्जन्यमापी
दोन दुरुस्त्या. 'वीज पडली' हे जमिनीवर आदळताना दिसली, किंवा झाड-भिंत फुटलेली सापडली, तरच लिहा. ३ सेकंदांवरची वीज ढगातल्या ढगातलीही असू शकते, तिथे 'वीज कडाडली' पुरे. आणि ऐरण कुठल्या दिशेला पसरली होती तेही टाका, त्यावरून वरच्या वाऱ्याची दिशा कळते.

मृगाआधी
'अवकाळीचं नुकसान' ऐवजी 'वळवाने नुकसान' लिहा. ११ मेचा पाऊस वेळेवरच आलाय. फळ अजून झाडावर होतं, एवढंच.