व्हेनिसला भारताचं कायमचं दालन का नाही?

सावर्ड्याची आई
माझी मुलगी सावर्ड्याला आर्टला आहे. परवा मी घावणे घालत होते आणि ती शेजारी बसून सांगत होती की इटलीत व्हेनिसला दर दोन वर्षांनी बिएनाले म्हणून मोठं कलाप्रदर्शन भरतं, त्यात देशादेशांची पॅव्हेलियन म्हणजे दालनं असतात, बेल्जियमचं तर १९०७ पासून, मग आपलं कुठाय विचारलं तर तिलाही नीट सांगता येईना. मला कलेतलं फार कळत नाही पण तेव्हापासून डोक्यातनं जात नाहीये. कुणाला माहीत असेल तर सांगा.

गिर्येकर
ताई, तिथे जार्दिनी म्हणून बाग आहे, त्यात काही देशांनी स्वतःच्या इमारती बांधल्यात, साधारण तीसेक. १९९५ ला कोरियाची झाली, मग कित्येक वर्षं नवीन कुणाची नाही. बाकीचे देश दरवेळी जागा भाड्याने घेतात, आर्सेनालेत नाहीतर गावातल्या जुन्या वाड्यात. आपण पण आर्सेनालेतच होतो, स्वतःचं अधिकृत पॅव्हेलियन पहिल्यांदा २०११ ला, रणजित होस्कोटे क्युरेटर, म्हणजे काय मांडायचं ते ठरवणारे. मग थेट २०१९. २०२२ आणि २०२४ ला परत नाहीच! इमारत नसली तर नसू दे हो, पण दरवेळी जायला तरी हवं, एकदा जाऊन आठ वर्षं गायब झालं की कोण लक्षात ठेवणार.
आर्सेनाले म्हणजे व्हेनिसची जुनी जहाजं बांधायची गोदी. आमच्या गिर्येला खाडीकाठी विजयदुर्गच्या आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे, त्यामुळे हे वाचलं तेव्हा मला फार जवळचं वाटलं.

चितारआळी
२०१९ चं गांधीजींवर होतं, १५० वं वर्ष म्हणून. चित्रकार नंदलाल बोसांनी १९३८ च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठी केलेली पोस्टर्स होती, आणि कलाकार जी. आर. इराण्णांच्या शेकडो लाकडी पादुका, भिंतभर. मी फोटोच बघितलेत पण खूप वेळ बघत बसले. आमच्या देवघरात आजोबांच्या पादुका आहेत, अंगठ्याने धरायचा खुंटा झिजून अगदी गुळगुळीत झालाय. सावंतवाडीत लाकूडकाम बघतच वाढले मी, आपल्या हातची वस्तू तिथपर्यंत जाते म्हटल्यावर भरून आलं.
आणि मुलीला कोचीची बिएनाले दाखवा, २०१२ पासून भरते, रत्नागिरीहून एर्नाकुलमला थेट गाडी आहे.

सावर्ड्याची आई
दोघांचेही खूप आभार. तिला वाचून दाखवलं, कोचीचं तिकीट बघते म्हणाली, पण आधी गिर्येची गोदी बघायचीय तिला. कधी यावं?

गिर्येकर
ओहोटीला या, तेव्हा नीट दिसते. आमच्याकडेच जेवायला थांबा.