'सिव्हिल पॅरिश'ला मराठीत काय म्हणाल?

भाषांतरवाली: इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टन गावाच्या कारभाराचा इतिहास मराठीत आणतेय. 'सिव्हिल पॅरिश'पाशी, म्हणजे तिथल्या गावपातळीच्या कारभाराच्या मुलखापाशी गाडी अडलीय. मी 'ग्रामपंचायत' केलं, संपादक म्हणतात 'धर्मग्राम' करा. पण १८९४च्या कायद्याने गावकारभार चर्चच्या व्हेस्ट्रीकडून (पॅरिशच्या सभेकडून) काढून लोकांनी निवडलेल्या कौन्सिलकडे दिला. मग 'धर्म' कसा ठेवू?

वसईकर: धर्मग्राम आमच्याकडे रोजच्या बोलण्यातला, पण तो चर्चचा. दिवाबत्तीशी त्याचा संबंध नाही. आणि पंचायत म्हणजे कारभारी मंडळ, पॅरिश म्हणजे मुलूख. 'मी पंचायतीत राहतो' म्हणाल का?

सातबारा: मौजे लॅक्स्टन. विषय संपला.

भाषांतरवाली: संपला कुठे? त्याच्या वर बॅसेटलॉ वेपनटेक आहे, म्हणजे अनेक गावांचा जुना विभाग. तिथे 'परगणा' लिहिलंय.

शुद्धमती: मौजे अरबी, परगणा फारसी! वेपनटेकच्या मूळ नॉर्स शब्दात शस्त्र आहे, सभेत शस्त्र उंचावून संमती द्यायचे म्हणे. 'शस्त्रमंडल' करा.

सातबारा: वाचकाला दारूगोळ्याचं कोठार वाटेल. तालुका आणि जिल्हाही अरबीच. त्यांना कुठे हाकलता?

भाषांतरवाली: बरं, 'कोर्ट लीट'चं, म्हणजे गावातल्या जुन्या कोर्टाचं बघा. गावाच्या तीन मोठ्या शेतांत अजून पट्टेवाटपाची शेती चालते. दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर ज्युरी गव्हाच्या शेताची शिवारफेरी करते. कुणी वाटेत किंवा सामायिक गवतात नांगर घातला तर दंड. आठवड्याभराने पबमध्ये कोर्ट भरतं. 'गोतसभा' चालेल?

मालवणी: ह्याका बांध कोरणां म्हणतत! आमच्याकडे पबात मिटत नाय, आजोबांची केस काका चालवतंत.

वसईकर: गोतसभेत वतनाचे तंटे यायचे. इथे मामला नांगराचा. 'गावकी' बरं.

भाषांतरवाली: याच कोर्टाचा 'पिंडर' असे, भटकी जनावरं पकडून कोंडणारा. त्याला?

सातबारा: कोंडवाडेवाला.

नागपुरी: आमच्याकडे कोंडवाडा नाही जी, कांजी हाऊस. 'काइन' म्हणजे जुन्या इंग्रजीत गायी. काइन हाउसचं कांजी झालं.

शुद्धमती: ओढूनताणून. कांजी म्हणजे पेज, कोंडलेल्या जनावरांना तीच घालत असतील.

नागपुरी: पेज? आमच्या बाबांनी म्हैस सोडवायला दंड भरला, वर कडब्याचे पैसे वेगळे. पेज कोण घालते?

भाषांतरवाली: मंडळी, सिव्हिल पॅरिश...

मालवणी: म्हशीचो दंड किती पडलो?