पाळणाघरावर विश्वास कशावरून बसला? अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. कामावर रुजू व्हायची तारीख जवळ आली की एकच प्रश्न डोकं खातो: बाळाला कुणाकडे ठेवायचं? जाहिरातीत सगळीच पाळणाघरं स्वच्छ आणि घरच्यासारखी असतात. तिथे मूल ठेवल्यावर, किंवा न ठेवता परत फिरल्यावर, तुम्हाला प्रत्यक्ष काय दिसलं ते इथे हवंय. घरी येणाऱ्या मावशी, शेजारच्या काकू, सगळे अनुभव चालतील.

सुरुवात माझ्यापासून. एका ठिकाणी रंगवलेल्या भिंती, खेळणी, सगळं हौसेने दाखवलं; बाळं झोपतात ती खोली मात्र "नंतर बघा". दुसरीकडे ताई जमिनीवर बसूनच माझ्याशी बोलत होत्या, पण नजर मुलांवर. मध्येच उठल्या, एकाचा डायपर बदलला, त्याचे आणि स्वतःचे हात साबणाने धुतले आणि मग अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. शिवाय माझ्यापेक्षा जास्त प्रश्न त्यांनीच विचारले. भूक लागली की कसा रडतो? झोपवताना थोपटता की कडेवर घेता? न्यायला कोण कोण येईल, त्यांचे फोटो द्याल का? माझा जीव तिथे भांड्यात पडला.

*

मी बाबा. आधी डोकी मोजा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी आहे की वर्षाच्या आतली जास्तीत जास्त 3 बाळं एका व्यक्तीकडे असावीत आणि त्यानंतर तिसऱ्या वाढदिवसापर्यंत 4. प्रत्यक्षात इतकी माणसं क्वचितच दिसतात, पण आकडा माहीत असला की विचारायला धीर येतो. पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा: एक मावशी जेवायला बसल्या किंवा सुट्टीवर गेल्या तर त्यांच्या वाटची बाळं कोण बघतं? "होतं मॅनेज" असं उत्तर मिळालं तिथून आम्ही निघालो. बघायला जायचं तर संध्याकाळी जा, माणसं थकलेली असतात तेव्हा. सकाळी सगळेच गोड बोलतात.

*

झोपेबद्दल लिहायलाच हवं. आमच्या काकू अनुभवी, पण बाळांना पालथं झोपवायच्या. "गाढ झोपतात गं," म्हणायच्या. झोपतात हे खरंच, पण पालथं झोपलेलं बाळ सहज जागं होत नाही, आणि धोका तिथेच आहे. अमेरिकेत 1994 साली बाळांना पाठीवर झोपवायची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतले अचानक होणारे बालमृत्यू जवळपास निम्म्यावर आले. काकूंना हे सांगताना मला धाकधूक होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून सपाट गादी, बाळ पाठीवर, उशी-पांघरूण काही नाही. इतक्या वर्षांची सवय माझ्या एका बोलण्यावर बदलणारी बाई! मला त्यांच्याबद्दल तेव्हापासून कधी शंका आली नाही.

*

कॅमेरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आमच्याकडच्या कॅमेऱ्यात फक्त खेळायची खोली दिसायची. न सांगता केव्हाही जाता येतं का, ते विचारा. "आधी फोन करून या" असा नियम असलेल्या ठिकाणी मी मूल ठेवलं नाही.

*

आधीच्या पाळणाघरातून लेक कपाळावर टेंगूळ घेऊन आली. विचारलं तर "घरीच लागलं असेल". तिथून तिला काढलं. नव्या ठिकाणी एकदा दंडावर चावा होता. मी बघायच्या आत ताईंनी दारातच सांगितलं: खेळण्यावरून भांडण झालं, मी दोन पावलांवर होते तरी पोचेपर्यंत चावला, धुऊन बर्फ लावला, वहीत वेळ लिहिली आहे. चावणाऱ्या मुलाचं नाव मी विचारूनही सांगितलं नाही. तेव्हा थोडा राग आला होता, पण माझ्या मुलीबद्दलही त्या बाहेर कुठे बोलणार नाहीत, हे त्यातूनच कळलं. एवढ्या लहान मुलांत पडणं, चावणं होणारच. मला ते लपवणारी माणसं नको आहेत.

*

सोडताना मूल रडतं म्हणून लगेच जागा बदलू नका. साधारण आठव्या महिन्यापासून आई-बाबा दूर गेले की बाळं घाबरतात, आणि दहा ते अठरा महिन्यांत हे सगळ्यात जास्त असतं. आपण गेल्यावर किती वेळात शांत होतं आणि न्यायला गेल्यावर कसं असतं, ते बघा. मात्र रुळलेलं मूल एकाएकी एकाच माणसाकडे जायला घाबरू लागलं, झोपेत दचकू लागलं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, तर थांबू नका, शोध घ्या, डॉक्टरांशी बोला. मुलांना त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो. मी मुलाला "कुणी मारलं का?" असं विचारत नाही. "आज हसू कधी आलं? रडू कधी आलं?" असं विचारते. तो बोलायला लागतो. आणि आई-बाबांपासून लपवायचं असं कोणतंच गुपित नसतं, हे आमच्या घरात रोजचं वाक्य आहे.

*

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळी करणारे पालक इथे कुणी असतील तर जरूर लिहा. रात्री बाळाजवळ कोण जागं असतं, हे तुम्ही कसं तपासता?